बारशातला पहिला धपाटा

घरातल्या माणसाला एकदा वेगळं बसवलं, की पुन्हा पंगतीत कधी घ्यायचं हे तुमच्याकडे कोण ठरवतं?

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं होतं. डॉक्टरांनी बजावलं, आम्ही सांगेपर्यंत तान्ह्या बाळाजवळ जायचं नाही. दौंडला तिच्या घरी ती वेगळ्या खोलीत झोपायची, वेगळ्या ताटात जेवायची. मी शिवाशिवीविरुद्धच्या चळवळीची पत्रकं वाचत वाढलो. वेगळं ताट दिसलं की माझं डोकं फिरतं. पण हे ताट विटाळाचं नव्हतं. त्याला मुदत होती.

इकडे कवठे येमाईत भावाच्या मुलीचं बारसं थांबलं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे अक्काचाच.

आप्पा, आमचे वडील, म्हणाले, "धा दिस झालं की सुतक फिटतं. डोक्यावरनं न्हाऊन ये म्हणावं."

"आप्पा, हे अंघोळीनं जात न्हाई."

"मग कशानं जातं?"

"आपोआप."

"आपोआप तर तुझी नोकरीबी लागणार हुती."

मी समजावलं. या आयोडीनच्या अणूचं केंद्रक अस्थिर असतं. किरण फेकून ते झेनॉन वायूचं केंद्रक बनतं आणि कायमचं शांत होतं. कुठलं कधी, हे सांगता येत नाही. पण आठ दिवसांत निम्मी शांत होतात, पुढच्या आठांत उरलेल्यांतली निम्मी. नवसानं हा वेग वाढत नाही, भीतीनं घटत नाही. शिवाय बरंच आयोडीन शरीर बाहेर टाकतं.

"निम्मं निम्मं करत थोडं ऱ्हाणारच की."

"तेवढे किरण तर आपल्या मातीतबी हायेत, आप्पा. तुमच्या हाडांतबी."

आप्पा आपल्या मनगटाकडे बघत बसले.

पुढे डॉक्टरांनी मोजून परवानगी दिली, बारसं ठरलं. अक्कानं पाळण्यात वाकून नाव सांगितलं. आता रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. एकही हात उठेना. चुलतीनं उगाच पदर सावरला. अक्का तशीच वाकलेली.

"काय गं, मेंदी लावलीय का हातांना?" तिनं मान न वळवता विचारलं.

तेवढ्यात बाळंतीण, माझी वहिनी, उठली. "घ्या, अक्का!" म्हणत तिनं असा धपाटा घातला की बाळ दचकून रडायला लागलं. मग सगळ्याच तुटून पडल्या. अक्का ओरडत होती, "बास की गं! मारताय का आता मला?" आणि हसत होती.

तुमच्या घरी कुणी हा उपचार घेऊन आलं, तर दूर राहायची मुदत डॉक्टरांना विचारा आणि पुरती पाळा. ती संपेल त्या दिवशी दुसऱ्या कुणाची वाट बघू नका. पहिला हात तुम्ही लावा.