उजवं फूल

मला पुढे शिकायला धुळ्याला पाठवावं, असा गावच्या मास्तरांनी बापामागे लकडा लावला. बापाने मला काही विचारलं नाही, मारुतीला विचारलं. मी तेव्हा सोळा वर्षांची विधवा.

एरंडोलजवळच्या आमच्या गावात कौल घ्यायचा तर गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायचा. उजवं आधी पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. माझ्या वेळी उजवं पडलं, तेही आम्ही नीट हात जोडायच्या आत.

देवाला एवढी घाई कसली? मी बापाकडे पाहिलं, तर त्याने मान खाली घातली. माझी खात्रीच पटली. पांढऱ्या कपाळाची पोर घरातून घालवायची, म्हणून बापाने आणि गुरवाने ठरवून उजवं फूल कोरडं लावलं.

धुळ्यात मी मास्तरीण झाले. वर्गात उभी राहिले की वाटायचं, आपली जागा हीच. पण बापाशी मात्र तो मरेपर्यंत धड बोलले नाही.

त्याच्या वर्षश्राद्धाला गेले तेव्हा देवळात गुरवाला गाठलं. "आबा, खरं सांगा. फूल कोरडंच लावलं होतं ना?"

म्हातारा भडकला. "कोरडं? तीनदा वल्लं करीसन चिटकाडेल व्हतं! तुना बापनीच सांगेल व्हतं, उजवं पडाले नको, पोर माले घरमाच पाहिजे."

मी गाभाऱ्यातल्या मारुतीकडे पाहिलं. इतकी वर्षं मी भलत्यावरच संशय घेतला होता.