आईच्या डोळ्यातलं तीर्थ

देवाची कृपा झाली असं म्हणताना माझी जीभ अजूनही अडखळते, कारण त्या कृपेच्या आधी माझ्याच हातून झालेला अपराध आहे.

आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यातलं. घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. आई संधिवातासाठी दोन वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होती. या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, लहानसं लागलं तरी दाखवायला आणा, असं डॉक्टरांनी मलाच बजावलं होतं. धान कापताना तिच्या उजव्या डोळ्याला धानाचं पातं लागलं. डोळा लाल झाला, पाणी गळू लागलं. आमच्याकडे डोळा दुखला की मार्कंड्याच्या महादेवाच्या पिंडीवरचं अभिषेकाचं पाणी डोळ्यात टाकतात. आई म्हणाली, "मले दवाखाना नाई पायजे, तीर्थ आन." डॉक्टरांचे शब्द मला आठवत होते. तरी मी बाटली घेऊन गेलो. कॉलेजात गेल्यापासून पोरगा देवाला विसरला, हे तिचं नेहमीचं बोलणं मला खोटं पाडायचं होतं. नऊ दिवस, दिवसातून तीनदा, मीच तिची पापणी उघडून थेंब टाकले. बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला, तेव्हाही मी म्हणालो, उतरेल.

दहाव्या दिवशी तीर्थ संपलं म्हणून पुन्हा देवळात गेलो. दाराशी बेल-फुलं विकणाऱ्या म्हातारीने विचारलं, "बाटलीभर तीर्थ कायले पायजे भाऊ?"

"आईच्या डोळ्यासाठी. पांढरा ठिपका पडला आहे."

तिने कपाळावरचा पदर मागे सारला. तिचा एक डोळा कायमचा मिटलेला होता. "मले बी असाच पडला होता. डॉक्टर म्हने बुरशी आहे, पन मी लय उशिरा गेली. शिकला-सवरला दिसते नं तू? महादेवाले तीन डोळे आहेत, तुया मायले दोनच!" असं म्हणून तिने माझ्या हातातली बाटली घेतली आणि बेलाच्या बुडाशी रिकामी केली.

त्याच दिवशी आईला गडचिरोलीला नेलं, तिथून नागपूरला. बुरशी डोळ्यात खोल गेली होती. किती दिवस झाले, असं डॉक्टरांनी विचारलं. मी दहा म्हणालो. लिहिता लिहिता ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. डोळा काढावा लागला. आणखी उशीर झाला असता तर आई हाती लागली नसती, असं ते नंतर म्हणाले.

घरी आल्यावर आई सगळ्यांना सांगू लागली की तीर्थाने जीव वाचवला. मी गप्प बसलो. महिन्याभराने शेजारची काकू आली. सुनेचा डोळा लाल झाला होता, आणि तिला माझ्याच हातचं तीर्थ हवं होतं. तेव्हा मात्र आईसमोरच सगळं बोलून टाकलं. गोळ्या, डॉक्टरांची ताकीद, फुलवाली बाई, सगळं. काकू सुनेला घेऊन दवाखान्यात गेली. मग आई म्हणाली, "त्या बाईच्या पाया तरी पडला का?"

पडलो नव्हतो. सोमवारी दोघं गेलो. बाईने मला ओळखलंही नाही. आई देवाच्या आधी तिच्या पायाशी वाकली.

देवाने काय करावं आणि कुठल्या वाटेने यावं, हे आजवर मीच ठरवत आलो होतो. माझ्या त्या हट्टात आईचा डोळा गेला. आता हात जोडतो, काही मागत नाही. कोणाच्या तोंडून सांगायचं ते त्याने ठरवावं. मला ऐकायला उशीर होऊ नये.