फक्त हूक राहिलेत

ज्या खालांकडं मी शिवण शिकले, त्यांनी मला मशीनवर बसवायच्या आधी हातात कात्री दिली. म्हणायच्या, “बेटी, कैंची लगी तो गिऱ्हाईक अपना.” म्हणजे कापड आलं की त्याच दिवशी कापून टाकायचं, शिवणं होईल तेव्हा होईल. कापलेले तुकडे घेऊन कोणती बाई दुसरीकडं जाणार? परभणीत स्वतःचं दुकान टाकल्यावर हा धडा मी इमानेइतबारे पाळला. बाई समोर बसलेली असतानाच कात्री चालवायची. तिला वाटायचं, बघा, लगेच कामाला लागली! शिवाय मापाचं ब्लाउज आपल्याकडं असतंच. दोन्ही बाजूंनी गाठ पक्की.

त्या उन्हाळ्यात माझ्याकडं सगळी कामं एकदमच आली. एका शाळेचे गणवेश, पोखर्णीच्या एका लग्नघराची ब्लाउजं, अन् रोजच्या बायका होत्याच. मशिनी तीन, बसणाऱ्या आम्ही दोघी, अन् दुसरी तेव्हा माहेरी गेलेली. शहाणी असते तर एखादं काम सोडलं असतं. पण ‘नाही’ म्हणायला माझी जीभ कधी वळलीच नाही. भांडायला मात्र लय वळते. सगळ्यांना हो म्हणून बसले. फोन आला की सांगायचं, “झालंच की, फक्त हूक राहिलेत.” कापड गाठोड्यातून बाहेर निघालेलं नसलं तरी हूकच राहिलेले. एकदा तर शाळेच्या बाईंना गणवेशाच्या हाफपँटीबद्दलही तेच सांगितलं. त्या बिचाऱ्या ‘बरं’ म्हणाल्या.

झरीच्या मावशी त्याच गडबडीत आल्या. गावच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. मुलगी परभणीत राहून शेतीचं शिकली, पास झाली, अन् तिचा पदवीदानाचा कार्यक्रम होता. “घरात पैलीच हाय ओ ताई एवढी शिकलेली,” मावशी म्हणाल्या. “म्हणली, आई, मी वर चढले की तू मला समोर दिसायला पायजे.” मुलीनंच त्यांना जांभळी साडी घेतली होती. साडीतलं कापड मी त्यांच्यापुढंच कापलं. मावशी ब्लाउजला झंपर म्हणायच्या. मापाचं झंपर माझ्या हातात देऊन दारातून दोनदा वळून म्हणाल्या, “चुकवू नका बरं का.”

“तुमी फिकीरच करू नका मावशी,” मी म्हणाले.

पुढच्या पंधरा दिवसांत त्यांचे दोन फोन आले. दोन्ही वेळा हूक राहिले होते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नऊला दुकानावर पोचले तर मावशी पायरीवर बसलेल्या. झरीहून लवकरच निघून आल्या होत्या. नवीन झंपर घालून साडी माझ्याकडंच नेसायची अन् अकराच्या कार्यक्रमाला जायचं, असा बेत. “बसा, देते,” म्हणून मी शटर वर केलं, आत जाऊन गाठोडं सोडलं, तर पाठ वेगळी, पुढचे भाग वेगळे, बाह्या वेगळ्या. एक टाका नाही.

थाप मारायलाही जागा उरली नव्हती. तुकडे तसेच बाहेर आणून त्यांच्यापुढं ठेवले. त्या ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते, मला ते जमतं. त्या हळूच म्हणाल्या, “मग मापाचं तरी द्या ताई. त्येच एक धड हाय.” अंगातल्या झंपराला काखेत ठिगळ होतं. मी कपाट उपसलं, पेटी उपसली. मग आठवलं, आदल्या दिवशी लग्नघरचं गाठोडं बांधलं तेव्हा ते तिथंच टेबलावर पडलेलं होतं. त्यातच बांधून पोखर्णीला गेलं होतं. बाईचं नवं कापड कापून ठेवलं अन् जुनं दुसऱ्याच्या गाठोड्यात घालून दिलं. वा रे माझा धंदा!

“तासाभरात देते,” म्हणाले. अंगावरून माप घेतलं अन् मशीनवर बसले. मावशी स्टुलावर, मांडीवर साडीची पिशवी. मुलीला फोन लावून बघत होत्या, लागत नव्हता. सरळ हात चालवला असता तर वेळेत झालंही असतं. पण दहाला शाळेचा शिपाई गणवेश न्यायला आला अन् मी उठले. गणवेश मोजून दिले, दोन कमी भरले, त्यावरून त्याच्याशी वाद घातला. त्यात पाऊण तास गेला. गेला कसला, मी घालवला. ‘दुपारी या’ म्हटलं असतं तर तो मुकाट गेला असता. मावशी घड्याळाकडं तेवढं बघायच्या.

शेवटची शिलाई मारली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. एक बाही बोटभर वर गेलेली. अन् हूक राहिले होते, यावेळी खरोखरच. पुढून सेफ्टी पिना लावल्या, घाईघाईत साडी नेसवली, मावशींना स्कूटीवर मागं बसवलं अन् निघाले. वाटेत माझा खांदा घट्ट धरून त्या एकच विचारत होत्या, “नाव कितव्या नंबराला असंल ओ?” मला काय माहीत!

गाडी थांबायच्या आतच मावशी उतरल्या. विद्यापीठाच्या फाटकाशी त्यांची मुलगी उभी होती, अंगात काळा झगा, हातात आईचा पास. पासाशिवाय आत सोडत नव्हते, म्हणून ती आपली खुर्ची सोडून बाहेर येऊन थांबली होती.

“झालं का ग तुजं?” मावशींनी विचारलं.

“नाव पुकारलं आई. हितवर ऐकू आलं. दोनदा पुकारलं.”

“मग गेली न्हाईस?”

“तू यायची हुतीस न्हवं.”

मी पुढं झाले. म्हणाले, “पोरी, चूक माझी हाय. तुझ्या आईची न्हाई. कापड माझ्याकडं पंधरा दिवस पडून होतं, अन् मी फोनवर खोटं बोलले.” इतक्या लोकांत एवढं खरं मी कधी बोलले नव्हते. बोलता बोलता मलाच रडू फुटलं. मुलीनं माझ्याकडं बघितलं. आईचा पदर नीट करून तिनं त्या पिना झाकल्या. मावशींनी तिच्या गालावरून हात फिरवला, “कागद तर भेटंल न्हवं?” म्हणाल्या. ती मान हलवून हो म्हणाली.

मग मावशी माझ्याकडं वळल्या. मी टोमण्याची वाट बघत होते, हक्कच होता त्यांचा. पण टोमणा नव्हता की राग नव्हता. अगदी काळजीनं म्हणाल्या, “ताई, तुमी जावा आता. तुमची गिऱ्हाइकं खोळंबली असतील.”