मेण निवेपर्यंत

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत ती कवळ्या बनवायची. पुढे डॉक्टर तोंडं तपासायचे, मागे ती साचे ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, घासूनपुसून चकचकीत करायची. वय सेहेचाळीस, त्यातली बावीस वर्षं याच खोलीत. हातात अशी जादू की तिने बसवलेला दात खोटा आहे हे आरशालाही कळू नये. एकदा कामात शिरली की कानाशी भांडं आपटलं तरी ऐकू यायचं नाही. कामातून बाहेर आली की मात्र सगळा आनंदीआनंद. चष्मा डोक्यावर आणि शोधाशोध टेबलाखाली. किल्ली दाराला बाहेरून तशीच. सात वर्षांची असताना वडिलांनी तिचं नाव ‘वेंधळी’ ठेवलं, आणि ते खऱ्या नावापेक्षा घट्ट चिकटलं.

त्या वर्षी दुरुस्तीला आलेल्या दोन कवळ्यांची तिच्या हातून अदलाबदल झाली. एक होती एका निवृत्त मास्तरांची. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मास्तरांचा सत्कार ठेवला होता. मास्तरांनी सकाळी डबी उघडली, तर आत परक्याचे दात. सत्काराला तोंडावर रुमाल धरून ते दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन त्यांनी डबी टेबलावर ठेवली.

“ही कुणाची आहे हो? त्यांचीही पंचाईत झाली असेल.”

ते रागावले नाहीत. डॉक्टरही रागावले नाहीत. नुसते तिच्याकडे बघून बेसिनपाशी गेले आणि हात धुऊ लागले. कुणी खडसावलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ती “चूक झाली, चूक झाली” म्हणत राहिली, मास्तर निघून गेल्यावरसुद्धा.

त्यानंतर तिला काही वाटेनासंच झालं. इंजेक्शन दिलेला गाल जसा आपलाच असून आपला नसतो, तशी ती स्वतःला जाणवेना. उठायची, कामावर जायची, घरी यायची. दुपारी डबा उघडायचीच नाही. एवढी मोठी चूक करून वर जेवायचं कसं? कुणी विचारलं तर “भूक नाही.” दोन महिन्यांत कपडे अंगावर लोंबायला लागले.

ताईच्या ते लक्षात आलं. ताई मोठी बहीण, पेशाने नर्स, हुकूम सोडायची सवय. तिने एक दिवस हाताला धरून तिला मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तासभर विचारत होत्या. शाळेत दप्तर विसरायचात का, रांगेत उभं राहवायचं का, एखादं काम सुरू करून किती वेळा अर्धं टाकलंत? ती उत्तरं देत गेली. कुठे अडलीच तर ताई होतीच.

“दप्तर? ही एकदा चप्पल विसरून आली होती. एकच.”

तिसऱ्या भेटीत बाई म्हणाल्या की हे एडीएचडी आहे. आळस नाही, बेफिकिरी नाही. मेंदूला लक्ष हवं तिथे वळवता येत नाही, आणि हे लहानपणापासून आहे. ताईने डोळ्याला पदर लावला.

“गोळी जेवणाआधी की नंतर?” तिने मात्र एवढंच विचारलं.

गोळीने थोडा फरक पडला. किल्ल्या सापडायला लागल्या. लाज मात्र जागची हलली नाही. बाईंनी एक काम दिलं: चूक झाली की त्या क्षणी स्वतःला काय म्हणता ते वहीत लिहायचं. पहिली वही चार दिवसांत हरवली. दुसरी तिने दोरीने टेबलाच्या पायाला बांधली. तीन आठवड्यांनी वाचायला घेतली. गाढव. बिनकामाची. तुझ्या भरवशावर कुत्रंसुद्धा ठेवू नये. हात तोडून टाकावेत. पानंच्या पानं, तिच्याच नीटस अक्षरात. वडिलांचा त्यात एकच शब्द होता, ‘वेंधळी’. बाकी सगळे तिने स्वतः घडवले होते, अगदी मापात, तिला बरोबर बसतील असे.

“हे तुम्ही ताईला म्हणाल?” बाईंनी विचारलं.

“ताईला? ती मारेल मला.”

बाई हसल्या. तिला हसू आलं नाही, पण वही मिटताना ते शब्द जरा लांबून आल्यासारखे वाटले. त्या दुपारी तिने डबा उघडला. भाजी गार होती, चव काही लागली नाही, तरी तिने सगळं संपवलं.

पुढच्या आठवड्यात तिने डॉक्टरांना सांगितलं, “मला प्रत्येक पेशंटसाठी वेगळा ट्रे हवाय. वेगळ्या रंगाचा. एका ट्रेमध्ये दोघांचं सामान असलं की माझी गल्लत होते.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर मला जमत नाही हे तुम्हाला कळलं असतं.”

“ते कळलंच होतं हो,” डॉक्टर म्हणाले. “ट्रेचं सुचलं नव्हतं.”

ट्रे आले. त्याच सुमारास वडिलांचे उरलेसुरले दात काढावे लागले. हिरड्या भरल्यावर डॉक्टर तिला म्हणाले, “तुमचे वडील आहेत, मेणाचं माप तुम्हीच घ्या. मी शेजारीच आहे.”

वडील खुर्चीत बसले. तिने मेणाच्या ऊन पट्ट्या त्यांच्या तोंडात बसवल्या.

“आता चावून धरा, बाबा. मेण निवेपर्यंत जबडा हलवायचा नाही. बोलायचं तर मुळीच नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा बाबा तिच्यासमोर गप्प बसले होते. ती त्यांच्या हनुवटीला बोटाने आधार देऊन उभी राहिली आणि, आधी काही ठरवलेलं नसताना, सांगायला लागली. बाईंनी काय सांगितलं, गोळ्या, वही, मास्तरांची डबी. आवाज सपाट होता, किराणा सांगावा तसा. वडिलांचे डोळे मोठे झाले. ते काहीतरी घशातून म्हणाले.

“हलू नका. माप बिघडेल.”

ते हलले नाहीत. मेण निवल्यावर तिने पट्ट्या काढल्या. वडिलांनी तोंड पुसलं आणि रुमालाची घडी करत बसले.

“मला वाटायचं, हसतहसत म्हटलं की लागत नाही,” ते म्हणाले.

“लागायचं.”

“मग आता काय म्हणू?”

“माझं नाव आहे की.”

त्यांनी नाव उच्चारून पाहिलं. दात नसल्याने मधलं अक्षर फुर्र करून निसटलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा निसटलं. ती हसली. पोटातून नाही, पण हसली. मग तिने मेणावर, पुढचे दोन दात जिथे भेटतील तिथे, मधली रेघ ओढली आणि वडिलांना रिक्षात बसवून दिलं.

कवळी तिसऱ्या खेपेला नीट बसली. वडील अजूनही कधी जुनं नाव घेतात, मग थबकतात. तिच्या चुका थांबलेल्या नाहीत. परवाच साचा ओतताना ती खिडकीबाहेर पाहत राहिली आणि प्लास्टर वाटीतच दगड झालं. तिने वाटी उलटी करून ठोकली, गोळा टोपलीत टाकला. आतून वहीतली नेहमीची ओरड सुरू झाली होती. ओरड संपेपर्यंत ती थांबली. उत्तर दिलं नाही, रडली नाही. मग नवं प्लास्टर मापून घेतलं, त्यात पाणी घातलं आणि ढवळायला लागली.