पेटीतला आवाज

सातपूरच्या आमच्या कारखान्यात यंत्रांचे जड भाग लाकडी पेट्यांत भरायचं काम एका सुताराकडे होतं. झाकण ठोकलं की तो हमालांकडून पेटी पहारीने हलवून घ्यायचा आणि लाकडाला कान लावायचा. आवाज आला की पेटी पुन्हा उघडणार, मग कोणी काही म्हणो. माल रवाना करायचं काम माझं, म्हणून मला त्याचा वैताग यायचा.

एकदा ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि पेटीत काहीतरी खुळखुळलं. साहेब म्हणाले, "बारीकच असेल. जाऊ दे."

"वाजतंय तवर नाय जायची," म्हणत त्याने खिळे उपटले. आत त्याचीच, फळ्यांवर खुणा करायची पेन्सिल निघाली.

सगळे हसले. त्याने पेन्सिल सुतळीने सदऱ्याच्या गुंडीला बांधली, झाकण ठोकलं आणि पुन्हा कान लावला.