ठशावरची अकरा भोकं

माझी अक्षरओळख पत्रकांतून झाली. कोरेगावात वडिलांचा लहानसा छापखाना होता आणि पूर्वेकडच्या दुष्काळी गावांत भरणाऱ्या पाणी परिषदांची पत्रकं तिथं छापली जात. प्रत्येक पत्रकाच्या वर वळलेल्या मुठीचं चित्र असे. त्या चित्राच्या ब्लॉकवरचा, म्हणजे ठशावरचा, अंगठा तुटलेला होता, त्यामुळे आमची मूठ कुठंही ओळखू येई.

कॉलेजात असताना ती मूठ मला एसटी स्टँडवर भलत्याच पत्रकावर दिसली. ज्या पुढाऱ्याने त्या गावांचं पाणी अडवून धरलं, त्याचीच निवडणुकीतली आरती त्यात छापली होती. तुटका अंगठा आमचाच. मी वडिलांना काही विचारलं नाही. पुढच्या शिक्षणाला सांगलीला निघून गेले आणि दोन दिवाळ्या घरी आले नाही. नंतर येऊ लागले, पण ते पत्रक आमच्या दोघांच्या मध्ये पडून राहिलं.

सांगलीत तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता मी पीएच.डी.ला लागले. विषय होता युरोपातल्या प्रबोधनकाळातली पत्रकं आणि त्यांवरची चित्रं. त्या काळाचं नाव काढलं की लोक राजवाड्यांची रंगवलेली छतं पाहत माना वर करतात. त्या छताखाली मान खाली घालून कोण उभं होतं, ते मला शोधायचं होतं. शोधताना जर्मनीतल्या एका गावचा मुद्रक हाती लागला. त्याची दोन पत्रकं उरली आहेत, दोन्हींवर तारीख नाही. एकात बंड केलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्या, दुसऱ्यात तिथल्या सरदाराची स्तुती. चित्र दोन्हींवर एकच, नांगर धरलेला शेतकरी, एकाच लाकडी ठशाचं. मी क्रम लावला: आधी स्तुती, मग बंड. भीतीतून ताठ उभा राहिलेला माणूस. प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्या क्रमावर उभं होतं. तो माणूस मी कुणाला लाजवायला उभा केला होता, हे मला चांगलं ठाऊक होतं.

प्रकरण सोमवारी मार्गदर्शक बाईंना द्यायचं होतं. त्याआधीच्या शनिवारी दुपारी, कोरेगावच्या घरी, मी दोन्ही चित्रांच्या मोठ्या प्रती सतरंजीवर पसरून बसले होते. छापखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण छापील कागद दिसला की वडील अजूनही थांबतात.

"बघा, जर्मनीची पत्रकंबी आता ह्यांच्याकडंच आली छपाईला," आई शेंगा सोलता सोलता म्हणाली.

वडिलांनी भिंग आणलं आणि गुडघे मोडून बसले. दोन्ही प्रतींवरून भिंग फिरवत गेले. मग बंडाच्या पत्रकावर बोट ठेवत म्हणाले, "ह्यात सात हायत."

"काय सात?"

"भोकं. पांढरं ठिपकं दिसत्यात न्हवं? लाकडाला कीड लागली हुती. भोक पडलं तितं शाई लागत न्हाई." त्यांनी स्तुतीचं पत्रक ओढलं. "आन् ह्यात अकरा. तीच सात, आन् चार नवी."

मी घाईने म्हणाले, "बुजवली असतील, आबा. लाकूड भरून."

"चार बुजवली आन् सात तशीच ठिवली? आन् ही चौकटीची चीर बघ. बंडाच्या पत्रकात बोटभर हाय, ह्यात पार नांगरापतुर गेलीया. चीर मागं जात न्हाई, बाई."

म्हणजे बंड आधी. स्तुती नंतर.

किडीच्या भोकांवरून छपाईचा क्रम लावतात, हे मी वाचलेलं होतं. टिपण काढलेलं होतं. आणि तरी माझ्या या दोन पत्रकांवरची भोकं मी मोजली नव्हती. मला हवा तो क्रम मिळाला होता, मग मोजायचं कशाला? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला खोटारडा म्हणून मोकळी झाले असते.

"म्हणजे तोही विकला गेला शेवटी," मी म्हणाले.

'तोही' हा शब्द तोंडातून गेला तो गेलाच. आईचे हात थांबले. वडिलांनी भिंग सदऱ्याला पुसलं, घडी घातलेल्या फडक्यात ठेवलं.

"इकला का भ्याला, ते भोकावरनं कळत न्हाई," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी भ्यालो." एवढंच. कुणाला भ्याले, का भ्याले, काही नाही. मी वाट पाहिली. ते सतरंजीवरचे कागद सरळ करत राहिले, कोपऱ्याला कोपरा लावून, छापून आलेले ताव लावत तसे.

सोमवारी मी बाईंना रिकाम्या हाताने भेटले आणि मुदत मागितली. महिनाभर प्रकरण नव्याने लिहिलं. 'शरणागती' हा शब्द चार वेळा लिहिला, चारही वेळा खोडला. बाईंनी कच्च्या मसुद्याच्या समासात विचारलं, मुद्रक का बदलला? मी लिहिलं, पुराव्यावरून सांगता येत नाही. पत्रकांवर वाढलेल्या मला हे वाक्य लिहिणं लय जड गेलं.

प्रकरण देऊन आल्यावर घरी फोन केला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"आधी बंडाचं छापलं हुतं त्यानं," ते म्हणाले, "ते लिव्हलंस का?"

"लिहिलंय, आबा. पहिल्याच ओळीत."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.