गवंडीमामांनी ठोकलेला तळ

"आधी दाबून घ्या, मग बोला," हे गवंडीमामांचं बोलणं गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. भिंत असो की फरशी, खालची माती धुमसाने ठोकून दगडासारखी केल्याशिवाय मामांच्या जिवाला चैन पडत नसे. चाळीस वर्षांत त्यांनी बसवलेली एकही फरशी हलली नव्हती. गल्लीतला सिमेंटचा रस्ताही त्यांच्याच हातचा. इतका घट्ट, की पावसाचा थेंब त्यात मुरेना. सगळं पाणी उतारानं धावत कोपऱ्यावरच्या त्यांच्या थोरल्या बहिणीच्या घरात शिरायचं.

"धाकट्या, तुझा रस्ता फार गुणी रे," ताई खराट्याने पाणी बाहेर लोटत म्हणायची. "पाण्यालासुद्धा माझं घर बरोब्बर दाखवतो."

म्हणून नगरपालिकेने ताईच्या दारापुढेच पाणी जिरवणारी बाग करायचं ठरवलं. पसरट खड्डा, तळाला भुसभुशीत माती, वर खडी, ओल सोसणारी झाडं. पाणी गटारात पळवू नका, जागच्या जागी मुरवा, असं पालिकेची तरुण इंजिनीअर बाई घरोघरी सांगत फिरत होती. ही बाग साधली तर वस्तीभर बागा होणार होत्या; नाहीतर खड्ड्यावर सिमेंट. काम मामांकडे आलं.

पाऊस झाला, खड्डा भरला. ताईचं घर कोरडं राहिलं, तशी ती हरखली. पण तिसऱ्या दिवशीही पाणी जागचं हलेना. डास घोंगावू लागले, माणसं जमली.

"बाई, बाग केलीत की म्हशी डुंबवायची सोय?" समोरचा शिंपी म्हणाला.

बाई काठावर उकिडवी बसली होती. "इथली मातीच पाणी पीत नाही. जागा निवडायला मीच चुकले. सकाळी साहेबांना तसं कळवलं. उद्या सिमेंट येईल."

तळ मोकळा ठेवा, असं बाईने मामांना बजावलं होतं. पण तिची पाठ वळल्यावर त्यांना राहवलं नव्हतं. आपल्या हातचं काम असं पोकळ कसं सोडायचं? तासभर धुमस चालवून त्यांनी तळ पक्का केला होता आणि मग वर खडी पसरली होती. आता गप्प बसलं, तर बाईच्या माथी दोष आणि ताईच्या घरात पुन्हा पाणी. बोललं, तर चाळीस वर्षांचं नाव मातीत.

"माती चांगली आहे, बाई," ते म्हणाले. "मी ठोकली. तुम्ही नको म्हटलं असताना."

ओट्यावरून ताई कडाडली, "अरे शहाण्या, झाडं लावायची जागा ती! तिथे काय माडी चढवणार होतास?"

हशा पिकला. मामा पहार घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले. खडी सारून जागोजागी पहार घालू लागले. स्वतःचं चोख काम त्यांना पहिल्यांदाच नडत होतं. घामाने अंग निथळलं, तरी तळ सुटेना. दुपार कलताना एका भोकावर इवलासा भोवरा फिरला, पाणी उतरू लागलं आणि झाडांच्या बुंध्यांवर ओली रेघ उघडी पडली.

"मामा, साहेबांना मी फोन करते," बाई म्हणाली.

"फोन नको. चूक माझी आहे, तोंडही माझंच दिसू दे त्यांना."

पहार ओट्याला टेकवून, चिखलाच्या पायांनीच ते पालिकेच्या कचेरीकडे निघाले. गल्लीच्या वळणापर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही. ताई खराटा हातात धरून पाहत राहिली, आणि तिच्या शेजारी बाई.